दूध पावडरमधलं कॅल्शियम आणि लोह मोजायला कोणती स्पेक्ट्रोस्कोपी वापरावी? पावडर थेट एनआयआर यंत्रात ठेवून चालेल का?

एनआयआरवर विसंबू नका. जवळच्या अवरक्त किरणांना प्रामुख्याने पाणी, स्निग्धांश आणि प्रथिनांमधले बंध दिसतात. सुटा कॅल्शियम आयन दिसत नाही. दुधातलं बरंचसं कॅल्शियम केसीनला जोडलेलं असल्यामुळे प्रथिनांवरून त्याचा अंदाज बांधता येतो, पण पावडरमध्ये वरून कॅल्शियम मिसळलं असेल तर तो अंदाज कोसळतो. एक्सआरएफला (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखणारी पद्धत) पावडरची दाबून केलेली गोळी चालते आणि कॅल्शियमसाठी ते चांगलं आहे. सोडियम, मॅग्नेशियमसारख्या हलक्या मूलद्रव्यांना मात्र ते कमी पडतं.

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत हेच काम करतो. तुमच्या प्रकल्पासाठी माझी पसंती फ्लेम एएएसला (ज्वालेत सुटे झालेले अणू किती प्रकाश शोषतात ते मोजणारी पद्धत), निदान कॅल्शियमपुरती. पद्धत जुनी आहे (ॲलन वॉल्श यांनी ती 1955 मध्ये मांडली), पण अजून भरवशाची.

आधी आकडेमोड करा, यंत्र नंतर निवडा. साय काढलेल्या दुधाच्या पावडरमध्ये 100 ग्रॅमला साधारण 1.2 ग्रॅम कॅल्शियम असतं. अर्धा ग्रॅम पावडर विरघळवून 50 मिलि केली, की लिटरला 120 मिग्रॅ झालं. 422.7 नॅनोमीटरवर एएएसचा आलेख साधारण 5 मिग्रॅपर्यंतच सरळ जातो, म्हणजे आणखी 50 पट पातळ करायचं. लोहाचं नेमकं उलट. बाहेरून लोह न घातलेल्या पावडरमध्ये ते इतकं थोडं असतं की त्याच द्रावणात लिटरला काही शतांश मिग्रॅच उरतं. तिथे ज्वालेचा आकडा डळमळतो. ग्राफाइट फर्नेस (ज्वालेऐवजी तापवलेली ग्राफाइटची नळी वापरणारं एएएस) किंवा आयसीपी-एमएस (प्लाझ्मात आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) हवं. आयसीपी-एमएसमध्येही आर्गॉन आणि ऑक्सिजन मिळून 56 वस्तुमानाचा आयन बनतो आणि तो लोह असल्यासारखा मोजला जातो, म्हणून कोलिजन (collision) सेल, म्हणजे असे नको असलेले आयन अडवणारा कक्ष, चालू आहे ना ते विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुधात फॉस्फेट भरपूर असतं आणि ज्वालेत ते कॅल्शियमला असं धरून ठेवतं की अणू सुटे होतच नाहीत. आकडा कमी येतो, आणि यंत्र कुठलीही सूचना देत नाही. उपाय सोपा आहे: लँथॅनम क्लोराइड घाला. फॉस्फेट लँथॅनमला चिकटतं, कॅल्शियम मोकळं होतं. मात्र नमुना, स्टँडर्ड (माहीत असलेल्या कॅल्शियमचं द्रावण) आणि ब्लँक (नमुना न घातलेलं द्रावण), तिन्हींत लँथॅनम सारख्याच प्रमाणात हवं. नुसतं नमुन्यात घातलं तर लँथॅनमसोबत आलेलं किंचित कॅल्शियमही तुमच्या निकालात मिसळेल.

पावडर विरघळवण्यासाठी नायट्रिक आम्ल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन मायक्रोवेव्ह डायजेशन करा. आम्ल घातल्यावर भांडं लगेच बंद करू नका. फ्यूम हूडमध्ये फेस आणि वायू निघून जाऊ द्या. मायक्रोवेव्ह नसेल तर मफल फर्नेसमध्ये 500 अंशांच्या आसपास राख करून ती आम्लात विरघळवता येते. कॅल्शियमला ते पुरेसं आहे. शिसं, कॅडमियम मोजायचं असेल तर जपून, कारण तापमान वाढलं की ती उडून जातात.

नमुना घेतानाही घाई नको. वरून खनिजं मिसळलेल्या पावडरमध्ये जड कण तळाशी बसतात, त्यामुळे डबा नीट ढवळून, वेगवेगळ्या जागांवरून घ्या. लोहासाठी स्टीलचा चमचा टाळा, प्लास्टिकचा वापरा.

प्रत्येक खेपेला एका नमुन्यात माहीत असलेलं कॅल्शियम मुद्दाम घालून डायजेशन करा. त्यातलं 95 ते 105 टक्के परत मिळालं तर पुढे जा. 80 टक्केच मिळालं, तर आधी लँथॅनमकडे पाहा, मग डायजेशन पूर्ण झालं होतं का ते तपासा. आणि पावडरचा ओलावा मोजून निकाल कोरड्या वजनावर दिला आहे की नाही, ते तक्त्याच्या डोक्यावरच लिहा.