खेळप्रश्न : हर्लर, मॅनेजर आणि मग अध्यक्ष

या खेपेला हर्लिंगवर, म्हणजे काठीने चेंडू मारायच्या आयर्लंडच्या खेळावर, बरीच पत्रं आली. ठाणे-नवी मुंबईतली मुलं नोकरी-शिक्षणासाठी आयर्लंडला जाऊ लागल्यापासून हा खेळ इथल्या घरांमध्ये मोबाइलवरून शिरला आहे. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

मुलगा कामानिमित्त कॉर्कला असतो. त्याने २०२५ च्या अंतिम सामन्याचा स्कोअर पाठवला : ३-२७ विरुद्ध १-१८. आधी टायपिंगची चूक वाटली. हा स्कोअर वाचायचा कसा?
— एक वाचिका, नौपाडा, ठाणे

चूक नाही. आडव्या रेघेच्या आधी गोल, नंतर पॉइंट. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक. म्हणून ३-२७ म्हणजे नऊ अधिक सत्तावीस, छत्तीस. १-१८ म्हणजे एकवीस. टिपरेरी जिल्ह्याच्या संघाने कॉर्क जिल्ह्याच्या संघाला पंधरा गुणांनी हरवलं. मुलाला मध्यंतराचा स्कोअर मात्र विचारू नका, आधीच वाईट वाटलं असेल. तेव्हा कॉर्क १-१६ विरुद्ध ०-१३ असं सहा गुणांनी पुढे होतं आणि दुसऱ्या पस्तीस मिनिटांत त्यांना फक्त दोन पॉइंट मिळाले. टिपरेरीचे मॅनेजर लियाम केहिल हे स्वतः टिपरेरीकडून खेळलेले. यावरूनच पुढच्या प्रश्नाकडे जाता येतं.

मी अनेक वर्षं कबड्डी खेळलो, आता मुलांना शिकवतो. हर्लिंगमध्ये खेळाडू पुढे मॅनेजर आणि मग संघटनेचा अध्यक्ष होतो आणि खेळण्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत, असं वाचलं. हा प्रवास नेमका कसा होतो? एखादं ठोस उदाहरण द्या.
— एक प्रशिक्षक, कळवा

एक नाही, दोन उदाहरणं देतो, तीही एकाच संघातली. १९८२ च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात किलकेनीने कॉर्कला ३-१८ विरुद्ध १-१३ असं हरवलं. किलकेनीच्या बचावफळीत ब्रायन कोडी आणि निकी ब्रेनन हे दोघंही होते. कोडी कर्णधार होते, ब्रेनन १९७९ च्या विजेत्या संघातही होते. पुढे दोघंही किलकेनीचे मॅनेजर झाले. कोडी यांनी मॅनेजर म्हणून अकरा अखिल आयर्लंड विजेतेपदं मिळवली. ब्रेनन यांना एकही मिळालं नाही, पण ते २००६ ते २००९ या काळात या खेळाच्या संघटनेचे, म्हणजे गेलिक अॅथलेटिक असोसिएशनचे, अध्यक्ष होते. तुमच्यासारख्या माणसाने कोडींपेक्षा ब्रेनन यांची कारकीर्द जास्त बारकाईने पाहावी, असं आमचं मत आहे.

आधी पैशांचं. ही संघटना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली आणि खेळ आजही हौशी आहे. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८२ हजारांवर प्रेक्षक बसतात. त्यांच्यासमोर अंतिम सामना खेळलेला माणूस काही दिवसांत आपल्या शाळेत, शेतावर किंवा ऑफिसात कामाला हजर होतो. प्रवासखर्च मिळतो, पगार नाही. मॅनेजरलाही नियमाने खर्चच मिळतो. कोडी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, पुढे मुख्याध्यापक झाले.

पहिली पायरी गावचा क्लब. घणसोली, दिवाळे, कोपरखैरणे इथल्या गावकीच्या कबड्डी संघांची कल्पना केलीत की क्लब कळेल : माणूस जिथला, तिथल्या संघाचा. क्लबमधून निवड होते ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या संघात. क्लब सुटत नाही. काउंटीचा तारा मोसमाच्या उत्तरार्धात परत गावच्या मैदानावर शेजाऱ्याविरुद्ध खेळतो. कोडी यांचा क्लब जेम्स स्टीफन्स, ब्रेनन यांचा कॉनही शॅमरॉक्स. निवृत्तीनंतर बहुतेक जण आधी क्लबच्या मुलांना शिकवतात, मग क्लबचा वरिष्ठ संघ, मग काउंटीचा वयोगट संघ सांभाळतात. थेट काउंटीच्या वरिष्ठ संघावर उडी मारणारे फार टिकत नाहीत.

दुसरी पायरी मॅनेजर. त्याची नेमणूक काउंटी समिती करते आणि त्या समितीत क्लबांचे प्रतिनिधी बसतात. हा धागा लक्षात ठेवा, गडबड इथेच होते. हिवाळ्यात चाचण्या, जानेवारीच्या अखेरीस लीग, एप्रिलपासून अजिंक्यपद, जुलैत अंतिम सामना. सामन्याच्या दिवशी सव्वीस खेळाडूंची यादी, मैदानावर पंधरा, बदली पाच. म्हणजे चांगल्या खेळाडूंपैकी काहींना दर आठवड्याला नाही म्हणावं लागतं, आणि तेही फुकट खेळणाऱ्या माणसाला. कबड्डीत सातांचा संघ करतानाही हा प्रसंग येतोच. पण तिथे संध्याकाळी कामावरून सुटून शंभर किलोमीटर गाडी हाकत आलेल्या माणसाला बाकावर बसवायचं असतं.

कोडी यांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये सूत्रं घेतली आणि २०२२ च्या मोसमापर्यंत, सलग चोवीस मोसम, सोडली नाहीत. जागा नावावर मिळत नाही, सरावातल्या खेळावर मिळते, हे त्यांचं सूत्र. म्हणून किलकेनीच्या नोलन पार्क मैदानावरचे आपापसातले सराव सामने खऱ्या सामन्यांपेक्षा खडतर असत आणि तिथे शिट्टी फार वाजत नसे. हा कठोरपणा त्यांना खेळाडू म्हणूनही सोसावा लागला होता. मुळात ते बचावपटू, पण १९७८ च्या अंतिम सामन्यात त्यांना सर्वांत पुढे खेळवलं. संघ हरला आणि घरी परतल्यावर आपल्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली.

अशा माणसाचीही चूक होते. २००६ ते २००९ सलग चार विजेतेपदं, पाचव्यासाठी २०१० ची अंतिम लढत टिपरेरीशी. किलकेनीचा मुख्य खेळाडू हेन्री शेफलिनच्या गुडघ्याला ऑगस्टमध्ये उपांत्य सामन्यात दुखापत झाली होती. तरी तो अंतिम सामन्याला उतरला आणि पंधरा मिनिटांच्या आत बाहेर आला. टिपरेरीच्या लार कॉर्बेटने तीन गोल मारले, निकाल ४-१७ विरुद्ध १-१८. एक बदली वाया गेली हे नुकसान लहान. संघाची सगळी मांडणी ज्या खेळाडूभोवती होती तोच सुरुवातीला गेला, हे मोठं. अर्धवट बऱ्या झालेल्या गुडघ्यावर चढाईपटूला उतरवण्याआधी ही दहा-पंधरा मिनिटं आठवावीत.

आता ब्रेनन. नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यांनी किलकेनीचा संघ सांभाळला. १९९३ नंतर किलकेनीला थेट २००० मध्ये अखिल आयर्लंड विजेतेपद मिळालं, तेव्हा त्या कोरड्या वर्षांचा हिशेब त्यांच्याही नावावर पडतो. पण त्यांनी तिसरी पायरी धरली. क्लब, काउंटी, मग प्रांतिक परिषद आणि शेवटी अध्यक्षपद. काँग्रेसमध्ये, म्हणजे संघटनेच्या वार्षिक सभेत, प्रतिनिधी पसंतीक्रमाने मत देतात. निवड एक वर्ष आधी होते, म्हणजे नियोजित अध्यक्षाला वर्षभर शेजारी बसून काम पाहता येतं. मुदत तीन वर्षांची. ही एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी आपल्याकडच्या प्रत्येक क्रीडासंघटनेने उचलावी अशी आहे.

त्यांच्या वाट्याला काय आलं ते पाहा. क्रोक पार्कवर बाहेरचे खेळ होऊ देण्याचा ठराव एप्रिल २००५ मध्ये, शॉन केली अध्यक्ष असताना, २२७ विरुद्ध ९७ मतांनी झाला. ठराव एकाने करून घेतला, पार पाडायचं काम दुसऱ्याकडे आलं. ११ फेब्रुवारी २००७ ला तिथे आयर्लंड-फ्रान्स रग्बी सामना झाला आणि २४ तारखेला इंग्लंडचा. याच मैदानावर २१ नोव्हेंबर १९२० रोजी ब्रिटिश दलांनी सामना चालू असताना गोळीबार केला होता, चौदा माणसं गेली. तिथे इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजणार म्हटल्यावर किती लोकांची समजूत घालावी लागली असेल! ते शांतपणे पार पडलं आणि आयर्लंडने सामना ४३-१३ असा जिंकला. त्याच महिन्यात, ३ फेब्रुवारीला, क्रोक पार्कवरचा प्रकाशझोतातला पहिला सामना झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारी अनुदानासाठी काउंटी खेळाडू संपाची भाषा बोलू लागले. हौशीपणाला धक्का बसेल म्हणून एका गटाचा अनुदानालाच विरोध. तोडगा निघाला तो असा : पैसे सरकारचे, संघटनेचे नाहीत, आणि ते पगार म्हणून नाहीत. यातल्या एकाही कामासाठी चषक मिळत नाही.

मोठा खेळाडू मॅनेजर झाला आणि खेळाडूंनीच त्याला नाकारलं, असं तिथे होतं का? आमच्या मंडळात सध्या तेच चालू आहे. निवृत्त झालेला खेळाडू लगेच कार्यकारिणीत येतो आणि वाद सुरू होतात.
— मंडळाचे एक सभासद, घणसोली

होतं, आणि चांगलंच गाजतं. जेराल्ड मॅकार्थी हे कॉर्कचे १९६६ चे विजेते कर्णधार, खेळाडू म्हणून पाच अखिल आयर्लंड पदकं. २००८ च्या मोसमानंतर कॉर्कच्या काउंटी समितीने त्यांना मॅनेजर म्हणून पुन्हा नेमलं, तेव्हा आधीच्या संघातल्या खेळाडूंनी त्यांच्या हाताखाली खेळायला नकार दिला. मॅकार्थी नव्या मुलांना घेऊन लीगमध्ये उतरले आणि मार्च २००९ मध्ये त्यांनी पद सोडलं. रोख मुख्यतः नेमणुकीच्या पद्धतीवर होता : निवड कुणी केली, खेळाडूंना विचारलं का. कॉर्कमध्ये २००२ सालीही संप झाला होता. तेव्हा प्रश्न डॉक्टर, प्रवास, सोयी अशा साध्या गोष्टींचे होते. तुमच्या वादाचं मूळही बहुधा असंच काही असेल, खोदून पाहा.

मंडळासाठी चार गोष्टी. प्रशिक्षक नेमणाऱ्या समितीत खेळाडूंचा एक प्रतिनिधी ठेवा, आणि तो चालू संघातला नको, नाहीतर स्वतःच्या जागेसाठी मत देईल. नेमणूक एका मोसमाची करा आणि कोणत्या महिन्यात आढावा घेणार ते नेमणुकीच्या पत्रातच लिहा. ताजा निवृत्त खेळाडू सचिव नको. आधी एक वर्ष सहखजिनदार करा, पावत्या फाडू द्या, पंचांचं मानधन आणि मंडपाचं बिल त्याच्या हातून जाऊ द्या. चौथी गोष्ट कंटाळवाणी, पण मंडळं इथेच अडकतात. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर पदाधिकारी बदलल्यापासून नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की कागदावर जुनीच मंडळी विश्वस्त राहतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि नेमकं स्पर्धेच्या तोंडावर खातं अडतं. सभेची सूचना कधी, कशी दिली याचा पुरावा जपून ठेवा. अर्जाला हरकत येते ती बहुतेक वेळा तिथेच.

हॉकी खेळते. यूट्यूब पाहून हर्लिंगचा सराव सुरू केला, पण फटका नेहमी तिरका जातो. हात चुकतोय का?
— एक विद्यार्थिनी, वाशी

हो, हातच. हॉकीत डावा हात वर, उजवा खाली. उजव्या हाताने बॅट धरणाराही तसंच करतो. हर्लिंगमध्ये उलटं : उजव्या हाताचा खेळाडू उजवा हात दांड्याच्या टोकाशी ठेवतो आणि डावा त्याच्या खाली. कारण साधं आहे. चेंडू झेलायला एक हात सोडावा लागतो, तेव्हा काठी जोरकस हातात राहिली पाहिजे. पंधरा दिवस फटका मारूच नका. फक्त उजव्या हाताने काठी टोकाशी धरून चेंडू पात्यावर टपटप उडवा, मग चालत, मग पळत. जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येत नाही, आधी पात्याने वर घ्यायचा. हातात घेऊन चारपेक्षा जास्त पावलं टाकली तर फाउल, पात्यावर तोलून मात्र हवं तितकं पळा.

ठाण्यातल्या सुताराकडून हर्ली, म्हणजे हर्लिंगची काठी, करून घेता येईल का? चेंडू, मैदान यांचं काय करावं?
— एक क्रीडाशिक्षक, कोलशेत

फळीतून कापून करू नका. अस्सल हर्ली अॅश झाडाच्या बुंध्याच्या अगदी खालच्या भागातून काढतात, जिथे खोड मुळांकडे वळतं. तिथे लाकडाचे रेषे स्वतःच वळलेले असतात आणि पात्याच्या वळणासोबत जातात. सरळ फळीतून तोच आकार कापला की रेषे मानेपाशी आडवे तुटतात. आठवडाभरात काठी तिथेच मोडते आणि तिचं टोक समोरच्याला लागतं. आयर्लंडमध्येही २०१२ पासून अॅशला बुरशीचा रोग लागल्यामुळे बांबूच्या आणि सिंथेटिक हर्ली वापरात आल्या आहेत. आपल्या दमट हवेला सिंथेटिकच बरी. उंची अशी मोजा : मूल ताठ उभं राहिलं की काठी जमिनीपासून कमरेच्या हाडापर्यंत यावी. मोठ्यांना ३४ ते ३६ इंच. लांब काठी घेऊन "वाढत्या अंगाला" म्हणू नका, मनगट कायमचं चुकीचं वळतं.

चेंडू, म्हणजे स्लिटर, ११० ते ११६ ग्रॅमचा. सीझन बॉल साधारण १६० ग्रॅमचा, तो वापरला तर पातं फाटतं आणि झेलणाऱ्याची बोटं सुजतात. सुरुवात टेनिस बॉलवर करा. जाळी असलेलं हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून हवं. आयर्लंडमध्ये २०१० पासून ते सगळ्यांना सक्तीचं आहे.

पूर्ण मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद असतं, फुटबॉलच्या मैदानात ते मावत नाही. शाळेच्या पटांगणावर सात-सात जण खेळवा आणि गोलमागे कुंपण नसेल तर दांडीवरून जाणारा पॉइंट बंद ठेवा, नाहीतर अर्धा तास शेजारच्या सोसायटीत चेंडू शोधण्यात जाईल. लाकडी हर्ली कुणी भेट दिलीच, तर पात्यावरची पत्र्याची पट्टी पावसाळ्यात दर आठवड्याला पाहा. गंजली की खिळे सैल होतात आणि पट्टीची कड वर येऊन हात कापते.