मुदत संपायच्या आत मुदत मागा

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. आमचं घर बेगमपुऱ्यात, विद्यापीठापासून जवळ. माडीवरच्या खोलीत येमेनचा एक विद्यार्थी राहतो. पीएच.डी.चा प्रबंध त्यानं जमा केलाय, पण तोंडी परीक्षेची तारीख अजून लागली नाही आणि व्हिसा पुढच्या महिन्याच्या अखेरीस संपतोय. तिकडं लढाई चालू आहे, घरचे त्याला आत्ता येऊ नको म्हणतात. एक एजंट म्हणतो, पैसे द्या, शिक्का मारून आणतो. शेजारी म्हणतात, खोली खाली करून घ्या, नाहीतर पोलीस तुमच्या दारात येतील. लेकरू सरळ आहे. माझे मिस्टर गेले त्या रात्री दवाखान्यात तोच बसून होता. मी काय करू?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, खोली खाली करून घेऊ नका. त्याच्या अर्जाला तुमच्याच घराचा पत्ता लागणार आहे. ऐन वेळी घर बदललं तर नवा करारनामा, नव्या पत्त्याची नोंद, सगळं पहिल्यापासून करावं लागेल आणि हातातले दिवस त्यातच जातील.

त्या एजंटला मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नका. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ हा नवा कायदा लागू आहे. १९४६ चा जुना कायदा गेला. व्हिसा संपल्यावर तसंच राहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खोटा व्हिसा वापरला तर किमान दोन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर एक ते दहा लाख दंड. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो, पासपोर्ट पोराच्या खिशात असतो. असे कागद मी पाहिले आहेत, म्हणून एवढं कळकळीनं सांगते.

खरा रस्ता सरळ आहे. मुदतवाढीचा अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर, त्याच्या स्वतःच्या लॉगिननं भरायचा, तोही व्हिसा संपायच्या आधी. खरं तर दोन महिने हाताशी ठेवून भरायला हवा होता, म्हणून आता याच आठवड्यात भरा. मुदत असताना मागितलेली मुदत आणि ती संपल्यावर केलेली विनवणी यांच्याकडं कोणताही अधिकारी एका नजरेनं पाहत नाही. पोर्टलवर शंका निघाली की ईमेल येतो. तो रोज बघायला सांगा. पोलीस आयुक्तालयात बोलावलं तर मूळ कागद घेऊन त्याच दिवशी जावं.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद. नुसतं ‘मुदत वाढवून द्यावी’ लिहून काही होत नाही. गाईडची सही आणि विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाचा शिक्का असलेलं पत्र आणि बोनाफाइड हवं. प्रबंध कोणत्या तारखेला जमा झाला, परीक्षकांचे अहवाल आले की यायचेत, तोंडी परीक्षा साधारण कोणत्या महिन्यात होईल, हे त्यात स्पष्ट असावं. मागणी मोजकी ठेवा. तोंडी परीक्षा, परीक्षकांनी सांगितल्या तर दुरुस्त्या, पदवी जाहीर झाल्याचं विद्यापीठाचं नोटिफिकेशन आणि प्रमाणपत्र, एवढ्याला लागतील तेवढेच महिने. काम कधी संपणार हे ज्या अर्जात दिसतं, तो अर्ज हाताळणाऱ्यालाही सोपा जातो. पासपोर्ट किती दिवसांचा उरलाय तेही आजच बघा. तो संपत आला असेल तर दिल्लीच्या त्यांच्या दूतावासात नूतनीकरणाला टाकून ती पावतीही जोडा.

तुमच्या बाजूचे कागद. मिस्टरांचं लिहिलंत म्हणून विचारते, लाइट बिल अजून त्यांच्याच नावावर आहे का? करारनामा तुमच्या नावाचा आणि बिल त्यांच्या नावाचं असलं की फाइल तिथंच अडते. मृत्यूचा दाखला आणि घराचा उतारा जोडा, महावितरणकडं नावबदलाचा अर्जही देऊन टाका. करारनामा पाचशेच्या बाँडवर नुसता नोटरी केलेला असेल तर तो रजिस्टर करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं चोवीस तासांत सरकारला कळवायचा सी फॉर्म तेव्हा भरला होता का? राहून गेला असेल तर दडवू नका, आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक शाखेत आपण होऊन सांगा. आणखी एक बारीक गोष्ट : त्याच्या जुन्या नोंदीवर औरंगाबाद असेल, तुमच्या नव्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर. दोन्ही एकच शहर, ही ओळ अर्जात आधीच घाला.

लढाईबद्दल. ती २०१४ पासूनची आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्याचं गाव कोणतं, घरचे आत्ता कुठं आहेत, हे अर्जात दोन ओळींत यावं. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं दिल्लीतलं कार्यालय नोंदणी करून कार्ड देतं, पण ते कार्ड म्हणजे व्हिसा नाही. शिक्षणाचं कारण खरं आणि हातात आहे तोवर तेच पुढं ठेवा. आपल्या घटनेत देशात कुठंही राहण्या-वसण्याचा हक्क नागरिकांना आहे, त्याला नाही. पण कलम २१ मधलं जीविताचं संरक्षण ‘व्यक्ती’ला आहे, त्यात तोही येतो. त्याचं म्हणणं ऐकूनच न घेता त्याला बाहेर काढू लागले तर औरंगाबाद खंडपीठात दाद मागता येते.

मधल्या काळात कुठं पगारावर काम करू नये, विद्यार्थी व्हिसावर ते चालत नाही. अर्ज भरल्याची पावती छापून पासपोर्टसोबत ठेवावी. अर्ज नाकारला गेला तर लपून राहायचं नाही. त्याच पोर्टलवर एक्झिट परमिट, म्हणजे देश सोडायची परवानगी, मागून रीतसर निघायचं, म्हणजे पुन्हा यायची वाट राहते. ती वेळ आली तर तोंडी परीक्षा ऑनलाइन घेता येईल का, ही विचारणा गाईडमार्फत विद्यापीठाकडं आत्ताच लेखी करून ठेवा आणि त्या पत्रावर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.