पेन्शन, पीपीओ आणि दिव्यांगांचे हक्क : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या पत्रांपैकी निम्मी पत्रं एकाच तक्रारीची आहेत : 'हक्काचे पैसे कमी आले' किंवा 'आलेच नाहीत'. आलेल्या सगळ्या पत्रांतली पाच निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : विक्रोळीच्या एका कारखान्यात मी सप्टेंबर २००० ते ऑगस्ट २०२५ अशी सलग २५ वर्षं नोकरी केली आणि ५८ पूर्ण झाल्यावर निवृत्त झालो. शेवटचा बेसिक ३१ हजार होता. पगार १५ हजारच धरतात हे माहीत आहे, म्हणून १५,००० गुणिले २५ भागिले ७० असा हिशोब केला, तो ५,३५७ येतो. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) मात्र चार हजारांच्याही आतला आकडा आहे. पीएफ ऑफिसने माझे पैसे कापले का?

कापलेले नाहीत. तुमचं सूत्र बरोबर आहे, पण ते सगळ्या २५ वर्षांना एकसारखं लागत नाही. कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजे ईपीएस-९५, हिच्यात पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार झाली. त्याआधी ती ६,५०० होती. त्यामुळे सर्व्हिसचे दोन तुकडे पडतात. तुमची पहिली १४ वर्षं ६,५०० वर : ६,५०० गुणिले १४ भागिले ७०, म्हणजे १,३०० रुपये. पुढची ११ वर्षं १५ हजारांवर : २,३५७ रुपये. बेरीज ३,६५७. सर्व्हिस २० वर्षांच्या वर आणि वय ५८ पूर्ण, म्हणून दोन वर्षं जादा धरली जातात; त्याने दोनशे ते चारशेच्या दरम्यान भर पडते. तुमचा आकडा या हिशोबात बसतो.

तरी पीएफचं पासबुक उघडून एकदा नीट पाहाच. त्यात तीन रकाने असतात : तुमचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शनचा वाटा. मर्यादेइतका किंवा त्याहून जास्त पगार असेल तर पेन्शनच्या रकान्यात जून २००१ ते ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या पगाराला ५४१ आणि त्यानंतर १,२५० रुपये दिसायला हवेत. मधल्या एखाद्या महिन्यात शून्य किंवा अर्धीच रक्कम असेल तर ते दिवस बिनवर्गणीचे, म्हणजे 'एनसीपी डेज' म्हणून लागले आहेत. बिनपगारी रजा, टाळेबंदी, मालकाने न भरलेले महिने हे सगळं तिथे येऊन पडतं, आणि तेवढी सर्व्हिस पेन्शनमधून वजा होते. हजर असूनही एनसीपी लागला असेल तर त्या महिन्यांच्या पगारपावत्या जोडून आधी कंपनीकडे आणि मग पीएफ ऑफिसात लेखी दुरुस्ती मागा.

आधीची एखादी नोकरी असेल तर तीही तपासा. त्या वेळी फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील तर ती वर्षं गेली, ती परत जोडता येत नाहीत. पण पैसे न काढता नुसता जुना खातेक्रमांक पडून असेल, तर यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाच्या, सर्व्हिस हिस्टरीत तो आणून घ्या. पेन्शनला १० वर्षं लागतात, आणि शेवटचे सहा महिने किंवा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे साडेनऊ वर्षं भरली असतील तरी माणूस पात्र ठरतो. अशा माणसांनी दहा वर्षं भरली नाहीत असं समजून १०-सी भरल्याची पत्रं आम्हाला दर महिन्याला येतात. फॉर्मवर सही करण्याआधी दिवस मोजा, एवढं कळकळीने सांगतो.

या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज बसलेला आकडा पुढेही तोच राहतो. मुंबईत एवढ्यात महिन्याचा किराणाही भागत नाही, आणि पेन्शनरांची वाढीची मागणी आमच्या मते पूर्ण न्याय्य आहे. पण तुमच्या पीपीओतली रक्कम आजच्या नियमाने बरोबर आहे.

प्रश्न : माझ्या पतींचं वय ४६. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये सात वर्षं लेथवर होते. गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला, उजवा हात चालत नाही. मालक म्हणतात राजीनामा द्या, पीएफ मिळून जाईल. दहा वर्षं झाली नाहीत म्हणून पेन्शन नाही, हे खरं का?

खरं नाही. आणि ताई, राजीनाम्यावर अजून सही केली नसेल तर करू नका.

नोकरीत असताना माणूस कायमचा आणि पूर्ण अपंग झाला तर ईपीएस-९५ मध्ये दहा वर्षांची अट लागत नाही. पेन्शन खात्यात एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. 'पूर्ण अपंग' म्हणजे अंथरुणाला खिळलेला, असाही अर्थ नाही. अपंगत्व आलं त्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता ती आता करता येत नाहीत, असा त्याचा अर्थ आहे. अपंगत्व कामावर आलं की घरी, याने फरक पडत नाही. त्यामुळे अर्धांगवायूही चालतो. निर्णय मात्र वैद्यकीय मंडळाच्या तपासणीवर होतो.

दोन ठिकाणी घोळ होतो. कंपनी पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकते तेव्हा कारणही निवडावं लागतं. तिथे साधा राजीनामा निवडला की नोंदीत तुमचे पती स्वतःहून नोकरी सोडलेले ठरतात. कारण 'कायमचं अपंगत्व' असंच पडलं पाहिजे. दुसरा घोळ फॉर्मचा : पैसे काढायचा १०-सी नव्हे, पेन्शनचा १०-डी भरायचा आणि त्यात पेन्शनचा प्रकार अपंगत्वाचा लिहायचा. सोबत हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडा. योजनेत पेन्शनची किमान रक्कम महिन्याला १,००० आहे. थोडी आहे, पण ती आयुष्यभर मिळते आणि त्यांच्यामागे तुम्हाला व मुलांना पेन्शनचा हक्क राहतो. पीएफची शिल्लक मिळते ती वेगळी.

त्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापलं जात होतं का, तेही पाहा. असेल तर ईएसआयच्या दवाखान्यातून आजारपणाच्या भत्त्याची चौकशी लगेच करा.

प्रश्न : मी केंद्र सरकारी कार्यालयातून निवृत्त, वडाळ्याला राहतो. मुलगा ३४ वर्षांचा, जन्मतः मतिमंद आहे. आम्हा दोघांच्या पश्चात त्याला फॅमिली पेन्शन मिळेल का? पीपीओवर फक्त पत्नीचं नाव आहे.

मिळेल. एरवी मुलांची फॅमिली पेन्शन २५ व्या वर्षी थांबते. अपंगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या मुलाला ती आयुष्यभर मिळते. लग्न झालं म्हणूनही बंद होत नाही. उत्पन्नाची कसोटी फेब्रुवारी २०२१ पासून बरीच सैल झाली. त्याचं इतर सगळं उत्पन्न तुमच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरचा महागाई दिलासा, एवढ्या बेरजेपेक्षा कमी असलं की तो पात्र. शेवटचा पगार ६० हजार असेल तर १८ हजार अधिक त्यावरचा दिलासा, ही त्याची रेघ. तुम्ही त्याच्या नावावर ठेवलेल्या ठेवीचं व्याज त्यात धरलं जातं, हे लक्षात ठेवून ठेवी करा.

आता काम. ते तुमच्या हयातीत करायचं आहे, कारण नंतर कागद घेऊन कोण फिरणार, हाच खरा प्रश्न असतो.

आधी युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करताना हॉस्पिटल निवडावं लागतं, मुंबईत जे. जे., केईएम, सायन, नायर अशा सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मंडळं बसतात. प्रमाणपत्रावर 'कायमस्वरूपी' हा शब्द आहे का ते तिथेच, खिडकीपाशी उभं राहून वाचा. 'तात्पुरतं' लिहिलं असेल तर फॅमिली पेन्शनसाठी दर पाच वर्षांनी नवं द्यावं लागतं. कायमस्वरूपीला एकदाच.

मग ज्या कार्यालयातून निवृत्त झालात तिथे कुटुंबाचा अद्ययावत तपशील, मुलाचं प्रमाणपत्र, आधार आणि जन्मदाखला देऊन त्याचं नाव पीपीओत घालायची लेखी विनंती करा. बँकेत नव्हे, बँक फक्त पैसे वाटते. पोच घ्या आणि सुधारित पीपीओ हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. नाव घालायचं राहून गेलं तर हक्क बुडत नाही, नंतरही मंजुरी मिळते. पण अपंगत्व आईवडिलांच्या मृत्यूच्या आधीपासून होतं हे दाखवत बसावं लागतं.

मतिमंदत्व असल्याने पेन्शन पालकाच्या मार्फत मिळेल. तो पालक कोण, याचं नामनिर्देशन तुम्ही आत्ताच कार्यालयाकडे करू शकता. ते केलेलं नसेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं. बहिणीला किंवा पुतण्याला पालक करणार असाल तर त्यांना आधी विचारा, आणि फाईल कुठे ठेवली आहे तेही दाखवून ठेवा.

प्रश्न : पालिकेच्या सेवेत सफाई कामगार आहे, वय ४४. अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. साहेब म्हणतात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दे, नाहीतर काढून टाकावं लागेल.

काढता येणार नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६, कलम २०(४) : सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही आणि खालच्या पदावरही ढकलू शकत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच फायद्यांसह दुसरं काम द्यावं लागतं. तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेर जादा तयार केलेल्या, पदावर ठेवावं लागतं. पालिका ही स्थानिक संस्था आहे, म्हणून तिलाही हे लागू.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊ नका. त्याऐवजी कलमाचा उल्लेख करून पर्यायी कामाची मागणी लेखी द्या आणि पोचीवर शिक्का घ्या. आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असणं याच कायद्याने बंधनकारक आहे; पुढची पायरी पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त.

प्रश्न : परळहून कायमचे रत्नागिरीला गावी जातो आहोत. पीएफची पेन्शन मुंबईच्या बँकेत येते. ती बदलायची का? आणि हयातीच्या दाखल्याला दरवर्षी मुंबईला यावं लागेल का? बोटांचे ठसे उमटत नाहीत.

पीपीओ एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात हलवायची गरज आता नाही. जानेवारी २०२५ पासून ईपीएसची पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत येऊ शकते. आहे ते खाते चालू ठेवलं तरी चालेल.

हयातीच्या दाखल्यासाठीही यायला नको. ईपीएसच्या पेन्शनरांना नोव्हेंबरचीच सक्ती नाही : वर्षात कधीही द्या, त्या दिवसापासून १२ महिने चालतो. ठसे उमटत नसतील तर मोबाईलवर चेहऱ्याने होतो. त्यासाठी 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन्ही अॅप लागतात. नुसतं दुसरं घेतलं तर कॅमेराच उघडत नाही. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठीमागून उजेड नको, चष्मा काढा, सांगेल तेव्हा पापण्या मिटा. भरताना पेन्शन देणारी संस्था 'ईपीएफओ' निवडा आणि पीपीओ क्रमांक कागदावरून बघून लिहा. या दोन रकान्यांत चूक झाली तरी प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) येतो, माणूस निश्चिंत होतो, आणि दाखला भलत्याच खात्याकडे जाऊन पेन्शन थांबते. म्हणून दोन-तीन दिवसांनी तो स्वीकारला गेला का ते पोर्टलवर पाहा.

मोबाईल जमत नसेल तर गावच्या पोस्टमनला सांगा. पोस्टाची बँक घरी येऊन दाखला करून देते, आणि ईपीएसच्या पेन्शनरांना त्याचे पैसे पडत नाहीत.