“फक्त लिहायचंच तर राहिलंय” असं तिला म्हणू नका

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालोय. मूळ आम्ही निफाड तालुक्यातले, भाऊ अजून गावी कांदा करतो, मी नाशिकला सिडकोत राहतो. मुलगी ३१ वर्षांची, अर्थशास्त्रात पीएचडी करतेय, २०२१ ची ॲडमिशन. विषय असा की कांदा उत्पादक शेतकरी माल कधी विकतो आणि का. २०२३ च्या उन्हाळ्यात सर्व्हे झाला, २४० फॉर्म भरून झाले, टेबलं तयार आहेत, फक्त लिहायचंच राहिलंय, पण दीड वर्ष झालं गाडी हलत नाही. रिव्ह्यूची, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याची, नव्वद पानं झाली, पुढचं सगळं कोरं. ती म्हणते नंतर निर्यातबंदी आली त्यामुळे माझा डेटा जुना झाला. मराठी मीडियमची आहे, एकेक इंग्रजी वाक्य खोडत बसते. गाइड मेलला उत्तर देत नाहीत म्हणते. कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, लेक्चर घेते. मी रोज जेवताना विचारतो आज किती पानं झाली, तर ताटावरून उठून जाते. रात्री दोन-अडीचपर्यंत लाइट चालू असतो. पुतण्याची केमिस्ट्रीतली पीएचडी साडेतीन वर्षांत झाली. ओळखीतला एकजण थीसिस लिहून देतो म्हणे, पैशांची माझी तयारी आहे. का हे सोडून नेट नाहीतर एमपीएससी कर म्हणू? लग्नाचंही बघायचंय. सहा वर्षं झाली की रजिस्ट्रेशन जातं असंही ऐकलंय. तुम्ही तिला समजवा.

उत्तर : काका, नमस्कार. पत्रात थीसिसबद्दल तुम्ही भरपूर लिहिलंय पण मी अडकले ती ताटावरच्या वाक्याशी. एकतीस वर्षांची पोरगी रोज अर्धवट जेवून उठते, रात्री अडीचपर्यंत जागी असते आणि सकाळी जाऊन लेक्चर घेते, आणि तुम्ही मला विचारताय की हिच्याकडून पानं कशी काढून घ्यायची. आधी तिची झोप आणि जेवण बघा. ती हल्ली मैत्रिणींशी बोलते का, पूर्वी जे आवडायचं ते करते का, हे तुमच्यापेक्षा घरातल्या बायकांना जास्त माहीत असेल, त्यांना विचारा. महिना-दोन महिने असंच चाललेलं असेल तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिला आधी नुसतं फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आता तुमचा तो रोजचा प्रश्न. तुमचा हेतू काळजीचा आहे हे मला कळतं, पण जरा तिच्या बाजूने बघा. थीसिसच्या कामात एखाद्या दिवशी माणूस चार तास बसतो आणि शेवटी सहा पानं काढून टाकतो, कारण ती सहा पानं विषय सोडून होती. तो दिवस चांगला गेलेला असतो, पण तुमच्या प्रश्नाला त्या दिवशीचं उत्तर काय, तर उणे सहा. दुसऱ्या दिवशी एक टेबल परत तपासून त्यातली चूक सापडते, पान शून्य. बँकेत संध्याकाळी कॅश जुळली की दिवस संपला, तसं इथे रोजच्या रोज काही जुळत नाही, आणि मग तिच्याकडे तुम्हाला सांगायला काहीच नसतं म्हणून ती उठते, अपराधी वाटतं म्हणून रात्री लॅपटॉप उघडते, दमलेल्या डोक्याने काही सुचत नाही म्हणून अजून जागते, आणि सकाळी परत तेच. हा आळस नाहीये. आळशी माणूस अडीचपर्यंत जागत नाही हो.

आणि ते “फक्त लिहायचंच राहिलंय”. हे वाक्य नाशिकमधल्या जवळजवळ प्रत्येक पीएचडीवाल्याच्या घरात बोललं जातं, कॉलेजच्या स्टाफरूममध्येही बोललं जातं, आणि ते साफ चुकीचं आहे. सर्व्हे झाला म्हणजे ८० टक्के काम झालं आणि आता ते नुसतं कागदावर उतरवायचं, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात २४० फॉर्म भरले तेव्हा तिच्याकडे २४० शेतकऱ्यांनी सांगितलेलं आलं, त्याचा अर्थ अजून आलेला नाही, तो लिहितानाच लागतो. उदाहरण तुमच्याच घरातलं घ्या. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत चार-पाच महिने टिकतो, लाल कांदा टिकत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. आता समजा टेबलात दिसतंय की चाळ असूनसुद्धा बऱ्याच जणांनी माल काढल्या काढल्या विकला. का विकला? सोसायटीचं कर्ज भरायचं होतं, का घरात लग्न होतं, का चाळीत सड लागेल ही भीती, का गेल्या वर्षी थांबून हात पोळलेले? हे ठरवायला तिला फॉर्म परत काढावे लागतात, दोन टेबलं एकमेकांशेजारी ठेवावी लागतात, लिहिलेला परिच्छेद मोडावा लागतो, आणि हे सगळं बाहेरून बघणाऱ्याला “काही करत नाही, नुसती स्क्रीनकडे बघत बसते” असंच दिसतं. तिच्या पीएचडीतलं सगळ्यात अवघड काम आत्ता चालू आहे आणि घरात सगळे धरून चाललेत की अवघड काम संपलं.

पुतण्याचं नाव काढणं बंद करा. लॅबमधली पीएचडी आणि गावोगाव फिरून केलेली पीएचडी यांची वर्षं एकमेकांशी मोजता येत नाहीत. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, त्या तिने द्याव्यातच, २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी किमान अट नेट, सेट किंवा स्लेट ही आहे आणि पीएचडी ऐच्छिक, पण त्या थीसिसच्या जागी नाही, नंतर. एमपीएससीचं तर विसराच, स्वतःच्या इच्छेशिवाय त्यात कुणी टिकत नाही. लग्न हा वेगळा विषय आहे, तो तिच्याशी तिच्या मर्जीने बोला, थीसिसच्या वाक्याला जोडून नको.

थीसिस लिहून देणाऱ्याबद्दल मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. हे फसवणुकीचं काम आहे. थीसिस बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, व्हायव्हात तिलाच उभं राहावं लागतं, नंतर तो शोधगंगा या थीसिसांच्या सरकारी वेबसाइटवर चढतो आणि कुणीही, कधीही उघडून बघू शकतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द होतं, आणि ही लिहून देणारी माणसं इकडचं उचलून तिकडे चिकटवण्यातच पटाईत असतात. पण याहून मोठं नुकसान वेगळं आहे. ज्या दिवशी तुम्ही तिला सांगाल की मी पैसे देऊन लिहून घेतो, त्या दिवशी तिला कळेल की वडिलांना मी हे करू शकेन असं वाटतच नाही. अजून बोलला नसाल तर हे वाक्य तिच्यासमोर कधीच काढू नका. बोलला असाल तर आजच सांगा की माझं चुकलं.

रजिस्ट्रेशनची भीती निम्मी खरी आहे. तिची ॲडमिशन २०२१ ची, म्हणजे यूजीसीचे २०१६ चे नियम लागतात, त्यात कमाल मुदत सहा वर्षं आणि महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. (२०२२ च्या नोव्हेंबरनंतर ॲडमिशन झालेल्यांचे नियम वेगळे, ते वाचून उगाच गोंधळू नका.) त्याच जुन्या नियमांप्रमाणे थीसिस जमा करण्याआधी एक रिसर्च पेपर छापून यावा लागतो आणि दोन कॉन्फरन्समध्ये पेपर वाचावे लागतात, नवीन नियमांत ही सक्ती गेली म्हणून बरेच जण निवांत राहतात आणि ऐनवेळी अडकतात. तिने रिसर्च सेंटरला अर्ज करून आपली मुदत कोणत्या तारखेला संपते ते लेखी घ्यावं. तारीख हातात आली की पुष्कळ भीती कमी होते.

इथून पुढचं तिला वाचायला द्या.

तुला ‘अगं-तू’ म्हणते, चालेल ना. डेटा जुना झाला हे डोक्यातून काढ. तुझा सर्व्हे २०२३ च्या उन्हाळ्यातला, ४० टक्के निर्यातशुल्क लागलं ऑगस्ट २०२३ मध्ये, निर्यातबंदी डिसेंबरमध्ये आली आणि मे २०२४ मध्ये उठली. म्हणजे तुझ्याकडे या सगळ्या गोंधळाच्या अगदी आधीचं चित्र आहे, शेतकऱ्याने ते नेमके निर्णय यातलं काहीही माहीत नसताना घेतलेत. ही तुझ्या कामाची ताकद आहे! पहिल्या प्रकरणात अभ्यासाचा कालावधी ठणकावून लिही, आणि शेवटच्या प्रकरणात एक-दोन पानं दे की नंतर धोरण असं बदललं, त्यामुळे माझ्या निष्कर्षांपैकी काय परत तपासायला हवं. बास. लासलगाव बाजारातला कांद्याचा भाव रोज बघून प्रकरण बदलायला लागलीस तर कांदा आहे तोवर तुझा थीसिस संपणार नाही.

रिव्ह्यूची फाइल बंद कर. नव्वद पानं झालीत, म्हणजे वाचन हे लपून बसायची जागा झालंय, कारण वाचताना काम केल्यासारखं वाटतं आणि स्वतःचं काही म्हणावं लागत नाही. त्यातलं निम्मं शेवटी उडणारच आहे, पण कोणतं निम्मं ते तुला निष्कर्ष लिहून झाल्यावरच कळेल. त्यामुळे सुरुवात टेबलांपासून. एक टेबल घे, त्याच्याखाली पाच-सात वाक्यं लिही: यात काय दिसतंय, कशाचं आश्चर्य वाटलं, असं का असावं, आणि हे कुठल्या फॉर्मवरून म्हणतेयस. मग दुसरं टेबल. पद्धतीचं प्रकरण मधेमधे लिहीत जा, ते सगळ्यात सोपं, कारण तू काय केलंस तेवढंच सांगायचंय, गावं कशी निवडली, फॉर्म कुणी भरले, कोण नाही म्हणालं. प्रस्तावना सगळ्यात शेवटी.

हे सगळं पहिल्यांदा मराठीत लिही. नाहीतर मराठी-इंग्रजी मिसळून, जसं तू मैत्रिणीला सांगशील तसं, फोनवर बोलून टाइप केलंस तरी चालेल. एकाच वेळी विचार करायचा आणि इंग्रजी व्याकरण सांभाळायचं या दोन गोष्टी एकत्र केल्या की दोन्ही अडतात, भल्याभल्यांचं होतं. परिच्छेदाचा मुद्दा पक्का झाला की मग इंग्रजी कर, ते वेगळ्या दिवशी.

वेळ सकाळची ठेव, लेक्चरला जायच्या आधी, पाऊण तास. रोज जमलं तर उत्तम, आठवड्यात चार-पाच दिवस जमलं तरी भरपूर, पण रात्रीचं बसणं पूर्ण बंद. उठताना फाइलच्या शेवटी एक ओळ टाकून ठेवायची की उद्या कुठून सुरू करायचं, म्हणजे “येवल्याच्या फॉर्ममधलं वाहतूक खर्चाचं बघायचं” इतकं बारीक. दुसऱ्या दिवशी कोऱ्या स्क्रीनची धास्ती राहत नाही. घरात होत नसेल तर अभ्यासिका लाव. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला एमपीएससीची पोरं बसतात त्या अभ्यासिकांमध्ये कुणी तुला पानं विचारणार नाही. काका, तिची महिन्याची फी तुम्ही भरा, पैसे खर्चच करायचेत तर यावर करा.

गाइडचं. “सर, चॅप्टर बघा ना” असा मेल आणि सोबत नव्वद पानं, याला बहुतेक गाइड उत्तर देत नाहीत, त्यांनाही कुठून सुरू करायचं ते कळत नाही. चार-पाच पानं पाठव आणि दोनच प्रश्न विचार, ज्यांचं उत्तर हो-नाही किंवा एका वाक्यात येईल. उदाहरणार्थ, चाळ असलेले आणि नसलेले अशी विभागणी ठेवू का जमिनीच्या आकाराप्रमाणे? पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरा मेल करत बसू नकोस, जाऊन भेट, आणि भेटीत काय ठरलं ते त्याच संध्याकाळी त्यांना मेलवर लिहून पाठव. सल्लागार समितीसमोर सहा महिन्यांनी प्रोग्रेस द्यावा लागतो तो नुसत्या सहीपुरता देऊ नकोस, त्या तारखेला एक आख्खं प्रकरण कच्चं का होईना तयार असेल असं आत्ताच ठरव.

परत तुमच्याकडे येते काका. रोजचा प्रश्न बंद केलात की तुम्हाला चुकल्यासारखं होईल, म्हणून एक काम देते आणि ते तुमच्याइतकं चांगलं कुणालाच जमणार नाही. रविवारी दुपारी, तिची तयारी असेल तर, तिला एक टेबल घेऊन बसवा आणि म्हणा, मला सांग यात काय सापडलं. तुम्ही निफाडचे, चाळ बघत मोठे झालात, तुमचा भाऊ आजही माल धरायचा का सोडायचा यावर रात्र काढतो. तिने काही सांगितलं आणि पटलं नाही तर विचारा, “असं कसं, आपल्याकडे तर लोक असं करतात.” ती तुम्हाला समजवायला लागेल, आणि समजवताना जी वाक्यं तोंडातून येतील तीच तिला लिहायला हवी आहेत. फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवायचं, सोमवारी सकाळी ती ऐकून टाइप करेल. तासभर पुरे, तिने थांबू म्हटलं की थांबायचं. तुम्हाला उत्तर माहीत असलं तरी आधी तिला बोलू द्यायचं, आणि त्या तासात पानांचा, पुतण्याचा, लग्नाचा विषय काढायचा नाही.