एकमत नसलेल्या संसदेने धोका कसा अडवला?

प्रश्न : २०१९ मध्ये ब्रिटनच्या संसदेत ब्रेक्झिटच्या एकाही पर्यायाला बहुमत मिळत नव्हते. मग करार न करता युरोपीय महासंघातून बाहेर पडणे याच संसदेने कसे रोखले? ज्यांचे आपसांत पटत नाही, त्यांनी एकत्र येऊन काही थांबवणे कसे शक्य झाले?

उत्तर : एखादी गोष्ट नाकारण्यासाठी कारणांवर एकमत असावे लागत नाही. कुणाला दुसरे सार्वमत हवे होते, कुणाला महासंघाशी सीमाशुल्क संघ (म्हणजे सामायिक आयातशुल्काची व्यवस्था), तर कुणाला पंतप्रधान थेरेसा मे यांचाच करार मान्य होता. मात्र कराराविना बाहेर पडू नये, एवढ्यापुरती या सर्वांची बेरीज होत होती. खरी अडचण वेगळीच होती. महासंघाच्या मूळ करारातील कलम ५० नुसार बाहेर पडण्याची सूचना दिल्यापासून दोन वर्षांनी सदस्यत्व आपोआप संपते. ब्रिटनने ही सूचना २९ मार्च २०१७ रोजी दिली होती. त्यामुळे संसदेने मे यांचा करार फेटाळला, दुसरा कोणताही मार्ग स्वीकारला नाही आणि ती नुसती वाद घालत राहिली, तरी २९ मार्च २०१९ च्या रात्री देश कराराविना बाहेर पडणारच होता.

म्हणूनच ठराव आणि कायदा यांतला फरक येथे कळीचा ठरतो. १३ मार्च २०१९ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने कोणत्याही परिस्थितीत कराराविना बाहेर पडू नये, अशी दुरुस्ती ३१२ विरुद्ध ३०८ मतांनी संमत केली. सभागृहाचे मत त्यातून स्पष्ट झाले, पण कलम ५० ची मुदत एका दिवसानेही पुढे सरकली नाही. मुदतवाढ मिळवायची तर ब्रिटनच्या सरकारने ती मागायला हवी आणि उरलेल्या सर्व २७ देशांनी ती एकमताने द्यायला हवी. सरकारला मागायला भाग पाडायचे, तर कायदाच हवा.

आणि कायदा करायचा, तर त्यासाठी सभागृहाचा वेळ हवा. तेथील नियमांनुसार बहुतेक दिवशी सरकारी कामकाजाला अग्रक्रम असतो. विधेयक कधी चर्चेला घ्यायचे हे सरकार ठरवते. सत्ताधारी पक्षाचेच खासदार ऑलिव्हर लेटविन यांनी २५ मार्च रोजी दुरुस्ती मांडून एका दिवसाचे कामकाज सरकारच्या हातून काढून घेतले. ही दुरुस्ती ३२९ विरुद्ध ३०२ मतांनी संमत झाली. माझ्या मते त्या वर्षातले सर्वांत महत्त्वाचे मतदान हेच, कारण पुढचे सारे त्याच वाटेने झाले. असा मिळवलेला वेळ खासदारांनी दोन प्रकारे वापरला. २७ मार्चला आठ पर्यायांवर मत घेतले गेले आणि आठही पडले. १ एप्रिलला सीमाशुल्क संघाचा पर्याय केवळ तीन मतांनी हरला. मात्र ३ एप्रिलला (तोवर २९ मार्चची मुदत थोडी पुढे ढकलली गेली होती) मजूर पक्षाच्या इव्हेट कूपर यांचे मुदतवाढ मागण्यास भाग पाडणारे विधेयक एकाच दिवसात सर्व टप्पे ओलांडून ३१३ विरुद्ध ३१२ मतांनी संमत झाले. त्याच आठवड्यात, त्याच खासदारांनी सकारात्मक निर्णय घेता येत नाही हे दाखवले आणि धोका टाळता येतो हेही दाखवले.

प्रश्न : मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी तर संसदच संस्थगित, म्हणजे काही काळ बंद, केली होती. तरीही खासदारांना वेळ कसा मिळाला? आणि त्यांनी सरळ अविश्वास ठराव का आणला नाही?

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. २०११ च्या कायद्यानुसार अविश्वास ठराव संमत झाल्यावर चौदा दिवसांत नव्या सरकारने विश्वास मिळवला नाही, तर निवडणूक होत असे. आणि मतदानाची तारीख पंतप्रधानांच्या सल्ल्याने ठरत असल्याने ती ३१ ऑक्टोबर या दरम्यान वाढवून मिळालेल्या नव्या मुदतीनंतरची ठरण्याची भीती होती. शिवाय पर्यायी पंतप्रधान कोण, यावर विरोधकांचे जमत नव्हते. कायद्यासाठी अशा कोणत्याही नावावर सहमती लागत नव्हती.

संस्थगितीची घोषणा २८ ऑगस्टला झाली, पण ती प्रत्यक्षात सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागू होणार होती. मधले मोजके दिवस खासदारांनी सोडले नाहीत. ३ सप्टेंबरला जॉन्सन बोलत असतानाच त्यांच्या पक्षाचे फिलिप ली उठले, सभागृह ओलांडून समोरच्या बाकांवर लिबरल डेमोक्रॅट सदस्यांमध्ये जाऊन बसले, आणि सरकारचे एका मताचे बहुमत तिथेच संपले. त्या रात्री ३२८ विरुद्ध ३०१ मतांनी कामकाजाचा ताबा पुन्हा खासदारांकडे आला. पक्षादेश मोडणाऱ्या २१ सदस्यांना हुजूर पक्षाने संसदीय पक्षातून काढले. त्यांत माजी अर्थमंत्री केन क्लार्क आणि फिलिप हॅमंड होते. ब्रिटनमध्ये पक्षादेश मोडल्याने खासदारकी जात नाही, पण राजकीय भवितव्य पणाला लागते, आणि त्या २१ जणांनी ते जाणूनबुजून लावले याचा मला मनापासून आदर वाटतो.

अशा मिळालेल्या वेळेत खासदारांनी केलेल्या, मजूर पक्षाचे खासदार हिलरी बेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याला ९ सप्टेंबरला राजसंमती मिळाली. १९ ऑक्टोबरपर्यंत सभागृहाने करार किंवा कराराविना बाहेर पडणे यांपैकी कशालाही मान्यता दिली नाही, तर पंतप्रधानांनी ३१ जानेवारी २०२० पर्यंत मुदतवाढ मागावी, असे त्यात होते. पत्राचा मजकूरसुद्धा परिशिष्टात शब्दशः दिला होता, म्हणजे पळवाट राहू नये. तरीही एक फट राहिली होती : जॉन्सन यांच्या नव्या कराराला वरवर मान्यता मिळून कायद्याची अट संपायची, आणि कराराची अंमलबजावणी करणारे विधेयक मात्र ३१ ऑक्टोबरपूर्वी अडकायचे. शनिवारी, १९ ऑक्टोबरला बसलेल्या सभागृहात लेटविन यांनी ही फट बुजवली. ते विधेयक संमत होईपर्यंत मान्यता रोखून धरण्याची त्यांची दुरुस्ती ३२२ विरुद्ध ३०६ मतांनी स्वीकारली गेली. त्याच रात्री सहीविना का होईना, पत्र ब्रसेल्सला गेले आणि २८ ऑक्टोबरला महासंघाने मुदत वाढवली. (संस्थगितीचा निर्णय बेकायदा असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी २४ सप्टेंबरलाच एकमताने दिला होता.)

प्रश्न : मग शेवटी ब्रेक्झिट झालेच. या साऱ्यातून काय मिळाले?

उत्तर : बाहेर पडणे थांबवणे हा बेन कायद्याचा उद्देशच नव्हता. बाहेर कसे पडायचे, हे त्या संसदेला ठरवता आले नाही. ते १२ डिसेंबरच्या निवडणुकीने ठरवले, ज्यात हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले, ते करारासह, आणि त्याच वर्षाच्या अखेरपर्यंतच्या संक्रमणकाळासह.