ई-केवायसी बाकी म्हणजे अपात्र नव्हे

ताई, रेशनकार्ड तपासणीच्या मोहिमेत दुकानदाराची यादी एक सांगते, आरसीएमएस (रेशनकार्डांची सरकारी ऑनलाइन नोंद) दुसरंच दाखवतं आणि वरून ‘संध्याकाळपर्यंत अपात्रांचा आकडा द्या’ असा मेसेज येतो, हे तुमचं वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. मी पुरवठा शाखेत होतो, आता निवृत्त. नियम बदलत असतात, त्यामुळे चालू परिपत्रक समोर ठेवूनच माझं म्हणणं वाचा. नमुना कसा भरायचा, पुरावा कोणता चालतो, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

ई-केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. ‘ई-केवायसी बाकी’ आणि ‘अपात्र’ हे दोन रकाने कुणीही सांगितलं तरी एक करू नका.

आमच्या वेळी ई-केवायसी नव्हती, आधार सीडिंग, म्हणजे रेशनकार्डाला आधार जोडणं, होतं. एका वरिष्ठ कार्यालयाने (कोणतं ते विचारू नका) आधार न जोडलेल्या नावांची एक्सेल फाइल पाठवली. फाइलवर तारीख नाही, सही नाही. तोंडी आदेश असा की ही सगळी बोगस धरा. आम्ही लेखी मागितलं, तर ‘फोनवर सांगितलंय ना?’ एवढंच उत्तर. शेवटी नावं कमी झाली. त्यातली बरीचशी ऊसतोडीला गेलेल्या घरांची होती. दिवाळीनंतर गेलेली माणसं उन्हाळ्यात परत आली, तोवर मोकळ्या झालेल्या इष्टांकात (ठरवून दिलेल्या लाभार्थी-संख्येत) दुसरी नावं बसलेली. आता यांना परत घ्यायचं तर इष्टांक शिल्लक नाही! राज्याचा कोटा सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांवर बांधलेला, ग्रामीण भागात लोकसंख्येच्या 76.32 टक्के आणि शहरात 45.34 टक्के. म्हणून नाव काढायला एक क्लिक पुरते आणि परत घालायला कुणाचं तरी नाव निघावं लागतं. हे फाइल पाठवणाऱ्याला कळत नव्हतं असं मला आजही वाटत नाही. पुढे लेखापरीक्षणात ‘नावं कोणत्या आधारावर कमी केली?’ अशी विचारणा आली, तेव्हा त्याच कार्यालयाने ‘निर्णय तालुका स्तरावरचा’ असं लिहून हात वर केले. खुलासे आम्ही देत बसलो.

असो. राग अजून गेलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुम्ही काय करा: आलेल्या प्रत्येक यादीवर ती कधी, कुणाकडून मिळाली ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी आरसीएमएसवरची स्थिती काढून जोडा. ‘धान्य उचलत नाही’ असा शेरा दिसला की लगेच विश्वास ठेवू नका. बारा अंकी आरसी (रेशनकार्ड) नंबर टाकून ई-पॉसचे (दुकानातल्या ठसा घेणाऱ्या यंत्राचे) व्यवहार बघा. पोर्टेबिलिटीमुळे, म्हणजे कुठल्याही रेशन दुकानातून धान्य घेता येत असल्यामुळे, घर बीडचं आणि उचल कोल्हापुरात, असं सर्रास दिसतं. गावच्या दुकानदाराच्या यादीत मात्र ते कुटुंब गायब.

ई-केवायसी अडलेल्यांत दोन गट नेहमी सापडतील. पाच वर्षांच्या आत आधार काढलेली मुलं, कारण त्या आधारात बोटांचे ठसे नसतात आणि पाच पूर्ण झाल्यावर अपडेट करायचं राहून गेलेलं असतं. दुसरे म्हणजे ठसे झिजलेले म्हातारे मजूर. दोघांनाही आधार केंद्राची वाट दाखवायची, अपात्र म्हणून बाजूला काढायचं नाही. खरी कमी होणारी नावं ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींत मिळतात, तिथून सुरुवात करा.

अंत्योदय (सर्वांत गरिबांच्या) कार्डावर एकटी म्हातारी दिसली की ‘एकीला 35 किलो कशाला?’ असं दुकानदारच तुमच्या कानाशी लागेल. अंत्योदयचं धान्य कार्डावर आहे, माणसांवर नाही; माणशी 5 किलो हे प्राधान्य कुटुंबाला (बाकीच्या पात्र गटाला). दुकानदाराच्या हिशेबाने गट बदलू नका.

उत्पन्नाबद्दल माझं मत कडवट आहे, पटलं नाही तर सोडा. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण मर्यादा वर्षाला 44,000, म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला जेमतेम 120 रुपये. शहरी 59,000. ही मर्यादा काटेकोर लावली तर नियमित रोजगार मिळणारं कुठलंच मजूर कुटुंब टिकणार नाही. मग ज्याच्याशी वाकडं त्यालाच ती लावली जाते. तुम्ही लावणार असाल तर सगळ्यांना सारखी लावा, आणि सुरुवात चारचाकीवाल्यांपासून करा.

पुरावा न देणाऱ्याला मोहिमेत 15 दिवसांची मुदत असते. नोटीस दिल्याची पोच घ्या, कुलूप असेल तर पंचनामा करा. कमी करायच्या नावांची यादी ग्रामसभेत वाचा, निम्म्या चुका तिथेच निघतात. जुनं डी-1 रजिस्टर (रेशनकार्डांची नोंदवही) कपाटात असेल तर मोबाइलवर फोटो काढून घ्या, शाई उडत चालली असेल.

आणि तोंडी आदेश आला की त्याच दिवशी ई-मेल टाका: ‘आपल्या आजच्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार पुढील नावे कमी करण्याची कार्यवाही करावी किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.’ भाषा अगदी नम्र ठेवा. बहुतेक वेळा मार्गदर्शन येत नाही, पण फोन येणं थांबतं.