12 आणि 3 मिळून 15 होत नाही

प्रश्न : ताई, मी लेस्टरला असतो, सिगरेट सुटली आणि वेपवर (ई-सिगरेटवर) आलो, आता त्यातलं निकोटिनपण कमी करायचंय. घरात 12 मिग्रॅच्या 10 मिलीच्या दोन बाटल्या आहेत आणि 3 मिग्रॅचं बरंच ज्यूस (वेपमध्ये भरायचं द्रव) पडलंय. डायरेक्ट 3 वर आलो की दिवसभर ओढतच बसतो, म्हणून आधी 9 आणि मग 6 असं उतरायचं म्हणतोय. एक मित्र म्हणतो 12 आणि 3 एकत्र केलं की 15 होईल, उलट स्ट्राँग. दुसरा म्हणतो सरासरी काढ, साडेसात. कोणाचं खरं?

उत्तर : 15 वाल्या मित्राला चहा पाजा आणि घरी पाठवा. साडेसातवाला बरोबर आहे, पण दोन्ही ज्यूस समान घेतले तरच. बाटलीवरचा 12 म्हणजे दर मिलीत 12 मिग्रॅ, पूर्ण 10 मिलीच्या बाटलीत 120. बेरीज करायची ती या मिलिग्रॅमची, बाटलीवरच्या आकड्यांची नाही, आणि मग भागायचं एकूण मिलीने. बास, एवढंच गणित आहे. तरी लोक त्यासाठी अ‍ॅप शोधत बसतात.

तुमचं 9 बघा. 12 ची 20 मिली घेतली म्हणजे 240 मिग्रॅ, 3 ची 10 मिली म्हणजे 30, झाले 270, भागिले 30 मिली, बरोब्बर 9. आणि 6 हवं असेल तर उलटं, 12 ची 10 मिली आणि 3 ची 20 मिली, 180 भागिले 30. प्रमाण शोधायला स्कॉलरशिपच्या परीक्षेत दोन वेगळ्या दरांचा तांदूळ मिसळायचो ना, तीच ट्रिक : 9 मधून 3 गेले 6, तेवढे भाग 12 चे, आणि 12 मधून 9 गेले 3, तेवढे भाग 3 चे. म्हणजे 2 ला 1.

फक्त एक बघा, दोन्ही ज्यूस एकाच जातीचे आहेत का. एक निक सॉल्ट (क्षाराच्या रूपातलं, घशाला सौम्य निकोटिन) आणि दुसरं साधं निकोटिन असेल तर आकडा जुळेल पण घशाला लागणं वेगळं येईल. आणि एक जाड, जास्त व्हीजीवालं (व्हीजी म्हणजे ज्यूसमधलं घट्ट ग्लिसरीन), दुसरं पातळ असेल तर मिश्रण तुमच्या कॉइलला, म्हणजे ज्यूस तापवणाऱ्या तारेला, झेपेल का तेही बघा, छोट्या पॉडमध्ये (ज्यूस भरायच्या कप्प्यात) जाड ज्यूस नीट चढत नाही आणि कॉइल जळते. दिवसभर ओढत बसता ते मात्र नवल नाही, स्ट्रेंथ एकदम पाडली की शरीर जास्त झुरके घेऊन भरपाई करतं, म्हणून तुमचा 9 चा टप्पा मला पटतो.

प्रश्न : 50 मिलीच्या शॉर्टफिलमध्ये (बिननिकोटिनचं ज्यूस, बाटलीत वर जागा ठेवलेली) 18 चा एक निक शॉट (निकोटिनची 10 मिलीची छोटी बाटली) टाकला की 3 होतं. मग दोन टाकले की 6 ना?

उत्तर : नाही हो. इथेच सगळे फसतात. एका शॉटने 180 मिग्रॅ आले, एकूण 60 मिली, म्हणून 3. दोन शॉटने 360 आले खरे पण ज्यूसही 70 मिली झालं, म्हणजे 5.1 च्या आसपास, आणि ती 60 मिलीची बाटली, दुसरा शॉट मावायचाच नाही. खरंच 6 हवं असेल तर आधी 10 मिली बिननिकोटिनचं ज्यूस काढून ठेवा, उरलेल्या 40 मध्ये दोन शॉट घाला, 360 भागिले 60. चव थोडी फिकी होते, शॉटला स्वतःचा फ्लेवर नसतो. झाकण घट्ट लावून चांगलं हलवा, नाहीतर वर एक आणि खाली एक. यूकेत निकोटिनवालं ज्यूस 20 मिग्रॅच्या वर आणि 10 मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकता येत नाही, म्हणून हा शॉर्टफिलचा सगळा द्राविडी प्राणायाम.

हातात ग्लोव्हज घाला, निकोटिन कातडीतून आत जातं. सांडलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा. आणि लहान मुलं असतील तर शॉट फ्रिजच्या दारात नको, कुलपात.

प्रश्न : अमेरिकेतल्या भावाने 5% लिहिलेली 30 मिलीची बाटली दिली. पाणी घालून पातळ करू का? दिवाळीला पुण्याला जातेय, तिथे घेऊन गेले तर चालेल?

उत्तर : पाणी अजिबात नको. 5% म्हणजे दर मिलीला साधारण 50 मिग्रॅ, म्हणजे यूकेच्या कमाल मर्यादेच्या अडीचपट, ती तशीच टँकमध्ये भरू नका. 10 मिग्रॅ करायचं तर तिच्या 10 मिलीत बिननिकोटिनचं तयार ज्यूस 40 मिली घालावं लागेल, 500 भागिले 50. अंदाजाने ओतू नका, सुई नसलेल्या सिरिंजने मोजून घ्या. खरं सांगू का, मी असते तर बाटली भावालाच परत केली असती.

पुण्याला मात्र काहीच नेऊ नका, डिव्हाइसही नाही. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगरेट आणणं, विकणं, साठवणं सगळं बंद आहे, आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दिवाळीपुरती निकोटिनची च्युइंगगम चालेल, ती तिथे केमिस्टकडे मिळते, जाण्याआधी इथल्या जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा फार्मसिस्टला किती घ्यायची ते विचारून ठेवा.